शोधयंत्र आणि मराठीचे सामान्यरूप

मुक्तस्रोत शोधप्रणालींचे मूल्यमापन करताना त्यांचा वेग आणि विस्तार पाहण्याचा प्रघात आहे. भाषाभ्यासकाने मात्र निराळा प्रश्न विचारावयास हवा: ही प्रणाली ‘शब्द’ कशास म्हणते?

ल्यूसीन ही ह्या कुळाची जननी होय. डग कटिंग ह्यांनी ती १९९९ मध्ये सिद्ध केली. २००१ पासून ती अपाची प्रतिष्ठानाकडे आहे. सोलर, इलास्टिकसर्च व ओपनसर्च ह्या तिन्ही प्रणाली तिच्याच पायावर उभ्या आहेत. ग्रंथाच्या शेवटी दिलेल्या शब्दसूचीप्रमाणे, कोणता शब्द कोणत्या लेखात आला ह्याची ती नोंद ठेवते. तत्पूर्वी शब्दाचे प्रत्यय दूर करून त्याला मूळ रूपाकडे नेण्याचे काम ‘विश्लेषक’ करतो.

ल्यूसीनमध्ये हिंदी, बंगाली, नेपाळी, तमिळ व तेलुगू ह्यांचे विश्लेषक आहेत, मराठीचा नाही. हा प्रश्न भाषकसंख्येचा म्हणावा, तर बास्क, गॅलिशियन व आयरिश ह्यांचे विश्लेषक तेथे आहेत, आणि २०११ च्या जनगणनेत मराठी मातृभाषा सांगणारे सुमारे ८ कोटी ३० लाख होते. उणीव आहे ती काम करणाऱ्यांची.

लिपी एकच म्हणून हिंदीचा विश्लेषक मराठीस लावावा, ही सूचना वरवर सोयीची वाटते. ती टिकत नाही. तो ऱ्हस्वदीर्घ एक करतो, त्यामुळे ‘लातूर’ आणि ‘लातुरात’ ह्यांतील उकाराचा भेद मिटतो, हा लाभ मान्य केला पाहिजे. परंतु त्याच नियमाने ‘दिन’ व ‘दीन’ एक होतात आणि ॲकाराच्या नियमाने ‘बॅट’ व ‘बेट’ ह्यांचीही एकरूपता होते. शिवाय ‘मराठवाडा’ शोधणाऱ्यास ‘मराठवाड्यातील लोकगीते’ असे शीर्षक सापडत नाही ते नाहीच. कारण ‘मराठवाड्या-’ हे सामान्यरूप हिंदीच्या नियमांत बसत नाही. संशोधक विद्यार्थ्यास अशा वेळी विषयावर पूर्वी काम झालेच नाही असे वाटते. ही हानी लहान नव्हे.

केवळ प्रत्यय छाटून भागणार नाही, हेही ध्यानी घ्यावे. ‘नांदेडला’ मधील ‘ला’ हा प्रत्यय आहे. ‘कला’ व ‘अबला’ ह्यांतील नाही. म्हणून नियमांस शब्दकोशाची जोड हवी. मोरो केशव दामले ह्यांचे ‘शास्त्रीय मराठी व्याकरण’ १९११ मध्ये प्रसिद्ध झाले. सामान्यरूपाचे ज्ञान आपणांस नवीन नाही. ते यंत्रास समजेल अशा क्रमाने मांडणे तेवढे राहिले आहे.

हे काम कोठे ठेवावे? इलास्टिकसर्चने २०२१ मध्ये आपला मुक्त परवाना बदलला. त्यातून त्याच वर्षी ओपनसर्च वेगळी झाली. २०२४ मध्ये इलास्टिकसर्चने पुन्हा एक मुक्त परवाना देऊ केला. ल्यूसीनचा परवाना ह्या वादात अबाधित राहिला. म्हणून मराठीचा विश्लेषक ल्यूसीनमध्येच दाखल व्हावा, म्हणजे तो दोन्ही शाखांस मिळेल.

बंद प्रणालीतील दोष केवळ जाणवतो. मुक्त प्रणालीतील दोष वाचता येतो, आणि वाचता येतो म्हणून सुधारताही येतो. नांदेडच्या विद्यापीठाने व त्याच्या लातूर येथील उपकेंद्राने सामान्यरूपांचा एक तपासलेला संग्रह जरी सिद्ध केला, तरी आरंभ होईल. दार उघडे आहे. आत जाण्याचे उत्तरदायित्व आपले आहे.