द्राक्षातील रेझव्हेराट्रॉल आणि एच.आय.व्ही.

नाशिकच्या द्राक्षबागायतदाराला भुरी आणि केवडा हे बुरशीजन्य रोग चांगलेच परिचयाचे असतात. बुरशीचा हल्ला झाला की द्राक्षवेल बचावासाठी रेझव्हेराट्रॉल नावाचे संयुग तयार करते. ते फळाच्या सालीतही असते. हे संयुग एच.आय.व्ही.लाही रोखू शकते काय, या प्रश्नावर बाल्टिमोर येथील हेरेडिया आणि सहकाऱ्यांनी २००० साली एक शोधनिबंध प्रसिद्ध केला. त्याचे मोल आम्ही येथे तपासत आहोत.

एच.आय.व्ही.ची आनुवंशिक माहिती आर.एन.ए.मध्ये असते. प्रतिकारयंत्रणेच्या टी-पेशीत शिरल्यावर विषाणू तिच्यावरून डी.एन.ए. बनवतो. या बांधकामाच्या विटा पेशीच पुरवते. त्या काळी वापरात असलेले डिडॅनोसिन हे औषध पेशीत खोट्या विटेचे रूप घेते. ती बसली की पुढची वीट जोडता येत नाही. विटा बनवण्यास मदत करणाऱ्या पेशीतील एका विकराला रेझव्हेराट्रॉल अडवते. खऱ्या विटांचा तुटवडा पडला की खोटी वीट बसण्याची शक्यता वाढते.

हा प्रयोग काचपात्रात वाढवलेल्या मानवी रक्तपेशींवर झाला. १० मायक्रोमोलर रेझव्हेराट्रॉल सोबत असताना विषाणूंची वाढ ९० टक्के रोखण्यासाठी जवळजवळ १८ पट कमी डिडॅनोसिन पुरले. दोन्ही पदार्थ वेगवेगळे आणि एकत्र तपासले, हा या कामाचा मोठा गुण होय. त्यामुळेच दुसरा महत्त्वाचा आकडा मिळतो : एकट्या रेझव्हेराट्रॉलने वाढ जेमतेम २० ते ३० टक्के घटली. म्हणजे त्याची भूमिका औषधाच्या मदतनिसाची होती.

आता थोडे गणित करू. रेझव्हेराट्रॉलचा रेणुभार २२८ आहे. म्हणून १० मायक्रोमोलर म्हणजे लिटरला सुमारे २.३ मिलिग्रॅम. अमेरिकेत स्वयंसेवकांना २५ मिलिग्रॅम रेझव्हेराट्रॉल तोंडावाटे दिल्याचा अभ्यास २००४ साली प्रसिद्ध झाला. बहुतेक भाग शोषला गेला, पण शरीराने त्याचे झटपट रूपांतर केले. मूळ रूपातील संयुग रक्तरसात लिटरला ०.००५ मिलिग्रॅमहूनही कमी उरले. काचपात्रातील तीव्रतेचा हा साडेचारशेवा भागही नाही. द्राक्षे खाऊन हे अंतर भरून निघणार नाही.

प्रयोग चांगला आहे. आमचा आक्षेप आहे तो पेशींत दिसलेला परिणाम रोग्यातही दिसेल असे गृहीत धरण्याला. भारतात एप्रिल २००४ पासून सरकारी केंद्रांत एच.आय.व्ही.ची औषधे मोफत मिळू लागली. ती नियमित घेतल्यास बहुतेक रोग्यांच्या रक्तातील विषाणू चाचणीत सापडू नयेत इतके कमी होतात. वनस्पतिज उपायाच्या भरवशावर औषधे सोडली, तर विषाणू पुन्हा वाढतात. गोळ्या वारंवार चुकल्यास औषधांना दाद न देणारे विषाणू बळावतात.

म्हणून विद्यार्थ्याने अशी बातमी वर्गात आणली, तर शिक्षकांनी तिच्यावरून तीन प्रश्न विचारावेत. प्रयोग पेशींवर झाला की माणसांवर? मात्रा किती होती, आणि तेवढी रक्तात पोहोचते काय? संयुग एकटे दिले होते की औषधासोबत?