कंट्रोल ग्रुपमधली मांजरं तिथे आली कशी?

मागच्या उन्हाळ्यात आमच्या बारा वर्षांच्या मनीच्या रक्ततपासणीत क्रिएटिनिन वाढलेलं निघालं. डॉक्टरांनी किडनीसाठीचं खास खाणं लिहून दिलं. पिशवीची किंमत बघून आईने मला फोन केला, "तू एवढं रिसर्च रिसर्च करतेस ना, मग बघून सांग, याचा खरंच उपयोग होतो का?" मी पेपर काढले आणि पहिल्याच पेपरवर फसले. कशी फसले, ते सांगायला ही पोस्ट.

पेपर २००० सालचा, इलियट आणि सहकाऱ्यांचा. किडनीचा जुनाट आजार असलेली ५० मांजरं. २९ खास आहारावर, २१ नेहमीच्या खाण्यावर. निदानानंतरचं मध्यक आयुष्य ६३३ दिवस विरुद्ध २६४ दिवस. दुपटीहून जास्त! मी आईला कळवलं, "घेऊन टाक."

रात्री 'पद्धती' हा भाग नीट वाचला. ती २१ मांजरं चिठ्ठ्या टाकून निवडलेली नव्हती. ज्यांनी नवं खाणं पुरेसं खाल्लं नाही किंवा ज्यांचे मालक आहार बदलायला तयार नव्हते, तीच 'तुलनेचा गट' झाली. आता विचार करा. किडनीच्या आजारात भूक मरते. मग न खाणारं मांजर आधीच जास्त आजारी असेल का? आणि हट्टाने नवं खाणं चालू ठेवणारा मालक औषधंही वेळेवर देत असेल का? म्हणजे त्या ३६९ दिवसांच्या फरकात आहार किती, आजाराची तीव्रता किती आणि मालकाची काळजी किती, हे वेगळं काढता येत नाही.

लेखकांवर अन्याय नको. सुरुवातीला दोन्ही गट वय, वजन, क्रिएटिनिन यांत सारखे होते, हे त्यांनी दाखवलंय. निष्कर्षातही ते 'संबंध आढळला' एवढंच म्हणतात. पण भूक आणि मालकाची चिकाटी त्या तक्त्यात नाही. शिवाय दोन लेखक पाळीव प्राण्यांचं खाणं बनवणाऱ्या कंपनीच्या संशोधन केंद्रातले. एवढ्यावरून पेपर खोटा ठरत नाही, पण 'पद्धती' दोनदा वाचायला हे कारण पुरेसं आहे.

म्हणून २००६ चा रॉस आणि सहकाऱ्यांचा पेपर महत्त्वाचा. ४५ मांजरं, यादृच्छिक वाटणी, कोणाला कुठलं खाणं मिळतंय हे मालक आणि डॉक्टर दोघांनाही माहीत नाही, दोन वर्षं पाठपुरावा. साध्या आहारावरच्या २६ टक्के मांजरांना युरेमियाचे झटके आले, किडनीच्या आहारावर एकालाही नाही. किडनीमुळे झालेले मृत्यू सुमारे २२ टक्के विरुद्ध शून्य. आता विश्वास बसतो. पण इथेही एक ओळ सोडू नका: सगळ्या कारणांचे मृत्यू धरले, तर फरक लक्षणीय नव्हता. ४५ हा आकडा छोटाच आहे. म्हणजे 'किडनीमुळे मरणं कमी होतं' हे म्हणता येतं. 'आयुष्य दुप्पट होतं' हे नाही.

दातांच्या खाण्याचंही तसंच. काही पाकिटांवर व्हीओएचसीचा शिक्का असतो. तो प्लाक किंवा टार्टर कमी झाल्याचं दाखवणाऱ्या चाचण्यांवर मिळतो. उपयोगी आहेच, पण मोजलंय ते दातावरचं किटण. हिरड्यांचा आजार थांबला की नाही, हे त्यातून थेट कळत नाही. त्यात या चाचण्या बहुधा दात आधी स्वच्छ करून सुरू होतात. मनीच्या दातांवर कैक वर्षांचं किटण बसलंय, ते खाण्याने खरवडून निघणार नाही.

शेवटी आईने पिशवी घेतलीच. डॉक्टरांनी बजावलंय, जुन्या खाण्यात थोडं थोडं मिसळा, उपाशी ठेवू नका. मांजर काही दिवस जेवलं नाही तर यकृतावर चरबी चढते. मनी सध्या अर्धं खाते, अर्धं ठेवते. इलियटच्या अभ्यासात ती कुठल्या गटात गेली असती, हे मला अजून ठरवता आलेलं नाही. तुम्ही पुढचा पेपर वाचाल तेव्हा सारांशातल्या आकड्याआधी तुलनेचा गट कसा तयार झाला, ते शोधा.