मुखाच्या मागावर ओबेलिया

नवी मुंबईकर ठाणे खाडीकडे वळतो तो बहुधा फ्लेमिंगोंसाठी. खाडीचा काही भाग २०१५ मध्ये फ्लेमिंगो अभयारण्य झाला, २०२२ मध्ये त्याला रामसर दर्जा मिळाला, आणि ऐरोलीहून बोटीने पक्षी पाहायला जाणं आता शहराच्या सवयीचं झालं आहे. नजर मात्र पाण्यावरच थांबते. भरतीत बुडणाऱ्या खांबांवर आणि बांधून ठेवलेल्या होड्यांच्या तळांवर बार्नॅकलांच्या सोबतीने तपकिरी, केसाळ वाढ धरते. शेवाळ समजून ती खरवडून टाकतात. अशा वाढीत हायड्रॉइड हे प्राणीही असतात. त्यांचा अभ्यासक्रमातला नमुना ओबेलिया. गुलाबी रंगवलेल्या त्याच्या स्लाइडवरून आकृती काढून, नावं देऊन विद्यार्थी पुढे सरकतो. मला ही रचना थांबून, एकाच प्रश्नाच्या आधाराने वाचावीशी वाटते: इथे तोंड कुणाला आहे आणि कुणाला नाही?

वाचन मुळापासून सुरू करू. आधाराला धरून आडवे धागे पसरतात, त्यांतून काही सेंटिमीटर उंचीचं खोड उभं राहतं आणि आलटून पालटून दोन्ही बाजूंना फांद्या देतं. बाहेर कायटिनचं कडक, पारदर्शक आवरण; आत जिवंत पोकळ नळी. हे आवरण सलग कडक असतं तर भरती-ओहोटीच्या ओढीत मोडलं असतं. म्हणून फांद्यांच्या बुंध्याशी त्यावर बांगड्यांसारखी वलयं आहेत. तिथे खोड लवतं, ताठरपणा सोडतं आणि म्हणूनच टिकतं.

फांदीच्या टोकाला पारदर्शक पेला, त्यात अन्न घेणारा पॉलिप. शंकूसारख्या उंचवट्याच्या टोकाला तोंड, भोवती साधारण चोवीस संस्पर्शक, त्यांवर दंशपेशी. धोका जाणवला की पॉलिप आक्रसून पेल्यात बसतो. एवढी सज्जता, पण त्याने पकडलेला घास त्याच्या एकट्याचा राहत नाही. पचनाला सुरुवात होते आणि पोषक रस आतल्या नळीतून साऱ्या वसाहतीत फिरतो. नवे पॉलिप कळ्यांसारखे फुटून वसाहत वाढते. अंडी किंवा शुक्राणू बनवणं मात्र या खाणाऱ्यांच्या वाट्याला येत नाही.

ते काम पुढे नेणारा पॉलिप खोड आणि फांदीच्या बेचक्यात, बहुधा जुन्या भागात सापडतो. लांबट कुपीसारखं आवरण, आत एक दांडा. त्याला तोंड नाही, संस्पर्शकही नाहीत. ही उणीव मला या रचनेतली सर्वांत देखणी जागा वाटते. शिकारीचं एकही साधन त्याच्याजवळ नाही. शेजारच्या पॉलिपांनी मिळवलेल्या अन्नावर तो आपल्या अंगावर चिमुकल्या मेड्यूसांच्या, म्हणजे मोकळ्या पोहणाऱ्या छत्रीसारख्या रूपाच्या, कळ्या घडवतो. त्या पक्व झाल्या की कुपीच्या टोकाच्या छिद्रातून बाहेर पडतात.

आणि इथे तोंड परत येतं. काही मिलिमीटरच्या चपट्या छत्रीच्या खालच्या बाजूला, मधोमध लोंबणाऱ्या दांड्याच्या टोकाला चौकोनी तोंड. तिथून चार नळ्या कडेपर्यंत जातात. कडेला संस्पर्शक आणि तोल सांभाळणारी आठ इंद्रियं. त्या चार नळ्यांवरच चार जननग्रंथी. खोडावर विभागलेली दोन कामं, खाणं आणि प्रजनन, या एका देहात शेजारी येतात. जो दूर जाणार त्याला शेजाऱ्याच्या घासाचा भरवसा नाही. म्हणून त्याला तोंड हवंच.

मेड्यूसांमध्ये नर-मादी वेगळे. फलन पाण्यात होतं, आणि फलित अंड्यापासून केसलांनी पोहणारा प्लॅन्युला डिंभ तयार होतो. तोंड पुन्हा नाहीसं! अंड्यातून मिळालेल्या शिदोरीवर त्याला टणक जागा गाठायची असते. ठाणे खाडीसारख्या चिखलाच्या तळावर तशी जागा दुर्मीळ. पुलाचा खांब किंवा होडीचा तळ इथे केवढा मोलाचा ठरतो, हे या मुखहीन डिंभाकडे पाहिलं की कळतं. चिकटल्यावर त्याचा पॉलिप होतो, पॉलिपला तोंड फुटतं आणि नवी वसाहत सुरू होते.

पॉलिपांची वसाहत आणि मेड्यूसा या दोन रूपांचं नातं कळायला विज्ञानालाही वेळ लागला. १७५८ मध्ये लिनियसने अशा वसाहतींना सर्टुलेरिया या वंशात नाव दिलं. १८१० मध्ये पेराँ आणि लेस्युअर यांनी ओबेलिया हे नाव दिलं ते मेड्यूसाला. पुढे १८४२ मध्ये स्टीनस्ट्रुप यांनी पिढ्यांच्या आलटून पालटून येण्याचा सिद्धांत मांडला. पण पिढ्या अशाच आलटून पालटून येणाऱ्या नेच्यामध्ये एका पिढीत गुणसूत्रांचा एकच संच असतो, तसं इथे नाही. पॉलिप आणि मेड्यूसा दोघांतही दोन संच असतात. म्हणून मी त्यांना दोन पिढ्या म्हणून न वाचता एकाच आयुष्याचे दोन अवतार म्हणून वाचतो.

अभ्यासक्रमात ‘शरीररचना’ आणि ‘प्रजनन’ हे दोन वेगळे प्रश्न असतात. तोंडाचा माग काढत गेलं की ही विभागणी गळून पडते. कुणाला तोंड आहे हे रचनेचं उत्तर. ते का आहे, याचं उत्तर प्रजननात मिळतं. ओबेलियाचा एकही अवयव या दोन्हींशिवाय समजत नाही, आणि त्याची आकृती काढणाऱ्या विद्यार्थ्याला सर्वांत आधी हेच शिकवायला हवं.