रद्दी, विकरे आणि ऊर्जेचा हिशेब

शालेय विज्ञान प्रदर्शनांत एक तक्ता हमखास भेटतो. डावीकडे रद्दीचा गठ्ठा, मध्ये ‘विकर’ असे लिहिलेला बाण आणि उजवीकडे पेटलेला दिवा. रसायनशास्त्र खोटे नाही, पण त्या बाणाबद्दल आम्हाला तक्रार आहे.

विकर ऊर्जा निर्माण करत नाही. ते उत्प्रेरक आहे. कागदातली ऊर्जा झाडाने सूर्यप्रकाशातून केव्हाच साठवलेली असते. सेल्युलेज हे विकर सेल्युलोजची लांब साखळी तोडून ग्लुकोज मोकळे करते, मग यीस्ट त्याचे इथेनॉल बनवते. दिवा पेटवणारी ऊर्जा कागदातलीच, तीही वाटेत थोडी गळून उरलेली.

हा शोध लागला तोही नासाडीतून. दुसऱ्या महायुद्धात सॉलोमन बेटांवर अमेरिकन सैन्याचे सुती तंबू आणि कपडे कुजू लागले. तिथे सापडलेल्या ट्रायकोडर्मा बुरशीवर एल्विन रीस आणि मेरी मँडेल्स यांनी नेटिक येथील प्रयोगशाळेत वर्षानुवर्षे काम केले. १९७०च्या दशकात तेलाचे भाव भडकले, तेव्हा त्याच प्रयोगशाळेत दळलेल्या वर्तमानपत्रांपासून साखर काढली जात होती. १९८०च्या दशकात आपल्या पुण्यात, राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत, न्यूरोस्पोरा या बुरशीकडून सेल्युलोजचे थेट इथेनॉल करून घेण्याचे प्रयोग झाले. म्हणजे कल्पना जुनी आहे. मग गल्लोगल्ली रद्दीचे इंधन का होत नाही?

मुलांना फळ्यावर गणित मांडू द्यावे. सेल्युलोजचा एक घटक १६२, पाणी मिळून ग्लुकोज १८०, त्यातून इथेनॉल ९२ आणि कार्बन डायऑक्साइड ८८. एक किलो शुद्ध सेल्युलोजपासून फार तर ५६८ ग्रॅम, म्हणजे सुमारे ७२० मिलिलिटर इथेनॉल. वर्तमानपत्राच्या कागदात सेल्युलोज साधारण निम्मे. म्हणजे ३६० मिलिलिटर, तेही सगळी साखर हाती लागली तर. ती लागत नाही, कारण सेल्युलोजभोवती लिग्निनचे वेष्टण असते. उन्हात वर्तमानपत्र पिवळे पडते ते याच लिग्निनमुळे. कार्यालयीन पांढऱ्या कागदातून लिग्निन काढलेले असते, पण बहुधा त्यात कॅल्शियम कार्बोनेट भरलेले असते. विरल हायड्रोक्लोरिक आम्लाचा थेंब टाका, बुडबुडे दिसतील. सेल्युलेजला पाच सामूच्या आसपासचे आम्लधर्मी पाणी मानवते. कार्बोनेट ते आम्ल खाऊन टाकते. शिवाय लगदा फार दाट ठेवला तर ढवळत नाही, पातळ ठेवला तर मद्यार्क तीन-चार टक्केच भरतो आणि ऊर्ध्वपातनाला उष्णता मोजावी लागते. तक्त्यावर ही उष्णता कधीच नसते.

पुण्याच्या प्राज इंडस्ट्रीजच्या तंत्रज्ञानावर उभारलेला इंडियन ऑइलचा पानिपत येथील प्रकल्प १० ऑगस्ट २०२२ रोजी राष्ट्राला अर्पण झाला. आराखड्याप्रमाणे वर्षाला सुमारे २ लाख टन भाताचा पेंढा घेऊन ३ कोटी लिटर इथेनॉल करायचे. भागाकार केला तर किलोमागे १५० मिलिलिटर. एवढ्या मोठ्या कारखान्याचे उद्दिष्ट हे, तर प्रदर्शनातल्या बाटलीकडून किती अपेक्षा ठेवावी?

आणि तिथे पेंढा का निवडला, रद्दी का नाही? पेंढ्याला गिऱ्हाईक कमी, म्हणून तो शेतात जाळला जातो. रद्दीला मात्र गिऱ्हाईक आहे. पुण्यात कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत १९९३ साली उभी राहिली, ती अशाच भंगारावर पोट असणाऱ्यांची. त्यांनी वेचलेला कागद गिरणीत जाऊन पुन्हा कागद होतो. एकच तंतू पाच-सात वेळा वापरता येतो. तो पहिल्याच फेरीत आंबवून जाळायचा, तर नव्या कागदासाठी नवा लाकूडफाटा लागणार आणि वेचणाऱ्यांच्या हातचा माल जाणार. ‘टाकाऊ’ हा शब्द तक्त्यावर लिहिण्यापूर्वी कोणाला टाकाऊ, हे विचारायला हवे.

विकरांना खरा वाव आहे तो दुसरीकडे. वारंवार वापरून तंतू आखूड झाले की ते चाळणीतून निसटतात आणि गिरणीच्या गाळात जातात. त्यांचा कागद होत नाही. लगदा आधीच शिजलेला, गिरणीत वाफही हाताशी. अर्थात त्या गाळात कार्बोनेट भरपूर, तेव्हा आम्लाचा खर्च तिथेही आहेच.