वेब डेव्हलपरची हत्यारे : सामायिक भागांची दहा वर्षे

वेबसाठी प्रोग्रॅम लिहिणाऱ्याच्या हाताशी एका वेळी चार-पाच हत्यारे असतात. कोड लिहायचा एडिटर, तो कोड ब्राउझरला चालेल अशा रूपात आणणारी बिल्ड यंत्रणा, इतरांनी लिहिलेली पॅकेजेस आणून देणारा पॅकेज मॅनेजर, चुका शोधायला ब्राउझरमधली डेव्हटूल्स, आणि अलीकडे कोड सुचवणारा किंवा थेट लिहूनच देणारा एआय सहायक. गेल्या दहा वर्षांत या सगळ्यांत उलथापालथ झाली. त्यातली टिकाऊ प्रगती बहुतेक एकाच वाटेने आलेली दिसते : एका हत्याराच्या पोटात अडकलेले कसब सुटे काढून सर्वांना वापरता येईल असे मांडणे. जिथे ते पुन्हा कुलपात गेले, तिथे डेव्हलपरचे नुकसान झाले आहे.

एडिटरमध्ये हे सर्वांत स्पष्ट दिसते. बिल जॉय यांनी बर्कली विद्यापीठात १९७६ मध्ये व्हीआय लिहिला, तेव्हा त्यांच्यासमोर एडीएम-३ए हे टर्मिनल होते. त्याच्या एच, जे, के आणि एल या कळांवर बाण छापलेले होते, म्हणून आजही त्याच कळांनी कर्सर हलतो. व्हीआयचा वारस असलेला व्हिम १९९१ मध्ये ब्राम मूलेनार यांनी प्रसिद्ध केला आणि २०२३ मध्ये निधन होईपर्यंत सांभाळला. इमॅक्सचा जन्मही १९७६ चाच. इतकी वर्षे हे एडिटर टिकले, कारण वापरणाऱ्याला ते आतून बदलता येतात. मात्र एखादे फंक्शन कुठे लिहिले आहे, ते काय परत देते, त्याचे नाव बदलले तर आणखी कुठे बदलावे लागेल, ही भाषेची जाण त्यांच्यात नव्हती. ती हवी असेल तर एक्लिप्स किंवा व्हिज्युअल स्टुडिओसारखे अवजड आयडीई घ्यावे लागत, आणि मग सगळे काम त्यांच्याच पद्धतीने करावे लागे.

ही कोंडी जून २०१६ मध्ये फुटली. मायक्रोसॉफ्ट, रेड हॅट आणि कोडेन्व्ही यांनी लँग्वेज सर्व्हर प्रोटोकॉल म्हणजे एलएसपी जाहीर केला. भाषेची जाण एका वेगळ्या प्रोग्रॅममध्ये, म्हणजे लँग्वेज सर्व्हरमध्ये राहते. एडिटर त्याला ठरलेल्या नमुन्यात प्रश्न विचारतो आणि उत्तर पडद्यावर दाखवतो. दहा भाषा आणि दहा एडिटर असतील तर आधी शंभर जोडण्या लिहाव्या लागत. आता दहा सर्व्हर आणि दहा एडिटर एवढेच काम उरते. निओव्हिमने २०२१ च्या ०.५ आवृत्तीत एलएसपी थेट आत घेतला आणि टर्मिनलमधल्या एडिटरला आयडीईची बरीचशी समज आली. या काळातला सर्वांत मोलाचा शोध कोणता, असे विचारले तर कोणत्याही चकचकीत एडिटरआधी या प्रोटोकॉलचे नाव घ्यावे लागेल.

त्याच सुमारास एडिटरच वेबच्या तंत्रावर बांधले जाऊ लागले. गिटहबने २०१४ मध्ये अ‍ॅटम बाहेर काढला आणि त्याच्या पायाशी असलेले इलेक्ट्रॉन इतरांनाही खुले केले. मायक्रोसॉफ्टने एरिक गामा यांच्या पुढाकाराने घडवलेला व्हीएस कोड एप्रिल २०१५ मध्ये जाहीर केला, तोही इलेक्ट्रॉनवरच. पाया एक असूनही अ‍ॅटम मोठ्या फाइलीत अडखळे आणि व्हीएस कोड चपळ वाटे. याचे एक कारण रचनेत आहे. व्हीएस कोडची एक्स्टेन्शन्स वेगळ्या प्रक्रियेत चालतात, त्यामुळे एखादे फसले तरी टायपिंग अडत नाही. मायक्रोसॉफ्टने गिटहब विकत घेतल्याचे २०१८ मध्ये जाहीर झाले आणि डिसेंबर २०२२ मध्ये अ‍ॅटम बंद झाला. व्हीएस कोड चपळ असला, तरीही प्रत्येक इलेक्ट्रॉन अ‍ॅपबरोबर एक अख्खा ब्राउझर मेमरीत उतरतो, ही तक्रार खरीच आहे. ज्याच्या लॅपटॉपमध्ये आठ जीबी रॅम आहे, त्याला एडिटर, चॅट आणि ब्राउझर एकत्र उघडले की ती जाणवते. अ‍ॅटम घडवणाऱ्यांपैकी नेथन सोबो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पुढे रस्ट भाषेत झेड लिहिला आणि जानेवारी २०२४ मध्ये त्याचा कोड खुला केला. त्याचा वेग पाहिला की इलेक्ट्रॉनच्या सोयीची किंमत कळते.

व्हीएस कोडवर खरा आक्षेप मात्र वजनापेक्षा परवान्याचा आहे. त्याचा मूळ कोड एमआयटी परवान्याखाली खुला आहे. पण मायक्रोसॉफ्ट जो तयार प्रोग्रॅम वाटते त्याचा परवाना वेगळा आहे, आणि त्याचे एक्स्टेन्शनचे मार्केटप्लेस फक्त मायक्रोसॉफ्टच्याच उत्पादनांतून वापरावे अशी अट आहे. पायथनसाठीचा पायलान्स हा लँग्वेज सर्व्हर बंद स्रोताचा असून अधिकृत व्हीएस कोडपुरताच मोकळा आहे. ज्या कंपनीने भाषेची जाण सुटी करण्याचा मार्ग दाखवला, तिनेच एक महत्त्वाचा सर्व्हर पुन्हा स्वतःच्या एडिटरला बांधावा, ही माघार आहे. एक्लिप्स फाउंडेशनचे ओपन व्हीएसएक्स हे खुले भांडार म्हणूनच आवश्यक ठरते.

बिल्ड यंत्रणेत प्रश्न वेगाचा होता. जावास्क्रिप्टची साधने जावास्क्रिप्टमध्येच लिहिण्याची प्रथा असल्यामुळे मोठ्या प्रकल्पाचा बिल्ड मिनिटे खाई. एव्हन वॉलेस यांनी गो भाषेत लिहिलेल्या ईएसबिल्डने २०२० मध्ये दाखवून दिले की ही सक्ती नव्हती. त्याच वर्षी एव्हन यू यांचे व्हीट आले. डेव्हलपमेंट चालू असताना सगळा कोड एकत्र बांधत बसण्याऐवजी ब्राउझर स्वतः जे मॉड्यूल मागेल तेवढेच ते देते. मार्च २०२५ मध्ये टाइपस्क्रिप्टच्या चमूनेही कंपायलर गो भाषेत आणत असल्याचे जाहीर केले. व्हीएस कोडचा सुमारे पंधरा लाख ओळींचा कोड तपासायला ७७.८ सेकंद लागत, ते ७.५ सेकंदांवर आले. याची दुसरी बाजूही आहे. वेब डेव्हलपरला पूर्वी आपल्या साधनाचा कोड उघडून चूक शोधता येई, कारण तो त्याच्याच भाषेत असे. आता त्यासाठी गो किंवा रस्ट शिकावी लागते. तरीही वेगातला हा फरक इतका मोठा आहे की सौदा करण्याजोगा आहे.

पॅकेजेसची स्थिती मात्र चिंतेची आहे. मार्च २०१६ मध्ये एका लेखकाने नावावरून झालेल्या वादात आपली पॅकेजेस एनपीएमवरून काढून घेतली. त्यात लेफ्ट-पॅड हे अकरा ओळींचे पॅकेज होते आणि त्याच्यावाचून जगभरचे बिल्ड कोसळले. त्यानंतर पॅकेज मागे घेण्याचे नियम कडक झाले, इवल्या पॅकेजवर विसंबण्याची सवय मात्र बदलली नाही. सप्टेंबर २०२५ मध्ये चॉक आणि डीबग यांसारख्या सर्रास वापरल्या जाणाऱ्या पॅकेजेसमध्ये, देखभाल करणाऱ्याला फसव्या ईमेलने गाठून, घातक कोड घुसवला गेला. सामायिक करणे चांगले, पण ज्यावर लाखो प्रकल्प उभे आहेत त्याची राखण एकट्या स्वयंसेवकावर सोडणे हे या क्षेत्राचे सर्वांत मोठे अपयश मानावे लागेल.

ब्राउझरमधल्या डेव्हटूल्सबद्दल तक्रारीला फारशी जागा नाही. जो हेविट यांचे २००६ चे फायरबग हे फायरफॉक्समधले एक्स्टेन्शन होते. आज ती सोय प्रत्येक प्रमुख ब्राउझरमध्ये मुळातच मिळते. बिल्ड झालेल्या कोडचा मूळ कोडशी मेळ घालणाऱ्या सोर्स मॅपचा नमुनाही डिसेंबर २०२४ मध्ये ईसीएमए-४२६ म्हणून प्रमाणित झाला. डेव्हटूल्समधला प्रोसेसरचा वेग मुद्दाम कमी करून पाहण्याचा पर्याय मात्र फार थोडे जण वापरतात. महागड्या लॅपटॉपवर झटकन उघडणारे पान स्वस्त अँड्रॉइड फोनवर किती रेंगाळते, हे त्यातून दिसते, आणि भारतातला बहुसंख्य वाचक फोनवरच असतो.

एआय सहायकांविषयी निकाल देण्याची वेळ अजून आलेली नाही, तरी काही गोष्टी दिसतात. गिटहब कोपायलटची पूर्वचाचणी जून २०२१ मध्ये सुरू झाली. कर्सर हा व्हीएस कोडच्या खुल्या कोडवरून फुटलेला एडिटर त्यानंतर आला. अनोळखी भाषेत सुरुवात करायला, चाचण्यांचा सांगाडा उभा करायला ही साधने उपयोगी पडतात. पण जुलै २०२५ मध्ये मेटर या संस्थेने सोळा अनुभवी मुक्तस्रोत डेव्हलपरांवर केलेल्या प्रयोगात, एआय वापरताना त्यांना स्वतःच्या परिचित प्रकल्पातल्या कामाला १९ टक्के जास्त वेळ लागला. आपण वेगाने काम केले अशीच त्यांची समजूत होती. सोळा जणांवरून सर्वांबद्दल बोलता येत नाही. स्वतःच्या वेगाच्या अनुभवावर विसंबू नये, एवढे मात्र त्यातून नक्की निघते. झेडने ऑगस्ट २०२५ मध्ये पुढे आणलेला एजंट क्लायंट प्रोटोकॉल हे चांगले पाऊल आहे, कारण त्यामुळे सहायक एका एडिटरचा कैदी राहत नाही.

मराठीत काम करणाऱ्या डेव्हलपरला यापलीकडचा एक प्रश्न रोज भेटतो, तो देवनागरीचा. ‘क्षि’ हे वाचणाऱ्याला एक अक्षर, पण युनिकोडमध्ये ते चार चिन्हांचे आहे आणि जावास्क्रिप्ट त्याची लांबी चार सांगते. जोडाक्षर हा एकच घटक मानावा असा नियम युनिकोडच्या मूळ अक्षर-विभाजनात २०२३ च्या १५.१ आवृत्तीत आला. तोपर्यंत तेथे हलन्तापाशी अक्षर तुटत असे. ब्राउझरच्या इंजिनावर चालणाऱ्या एडिटरात मराठी मजकूर निदान नीट जुळून दिसतो, कारण अक्षरे जुळवण्याचे काम इंजिन करते; इलेक्ट्रॉनची ही बाजू टीकाकार क्वचितच लक्षात घेतात. टर्मिनलमध्ये मात्र प्रत्येक चिन्हाला ठराविक रुंदीचा चौकोन मिळतो. मग वेलांटी सुटते, हलन्त वेगळा पडतो आणि कर्सर दिसतो त्या जागी नसतो. गिटमधला फरक पाहताना मराठी भाषांतराच्या फाइलीतली चूक म्हणूनच नजरेतून निसटते. पायथनचे जेसन मॉड्यूल तर मुद्दाम सांगितल्याशिवाय मराठी अक्षरे लिहीतच नाही, त्यांच्या जागी आकड्यांचे संकेत टाकते, आणि अशी फाइल तपासणाऱ्याला वाचताच येत नाही. अक्षरे जुळवणारी हार्फबझ ही लायब्ररी खुली आहे, क्रोम, फायरफॉक्स आणि अँड्रॉइड ती वापरतात. अडचण टर्मिनलच्या चौकोनी जाळीत आहे. कोविद गोयल यांच्या किटी या टर्मिनलने २०२५ मध्ये मजकुराची रुंदी चालणाऱ्या प्रोग्रॅमनेच टर्मिनलला कळवावी अशी तरतूद मांडली. व्हिम, गिट आणि इतर टर्मिनल बनवणाऱ्यांनी ती उचलली, तर देवनागरीतली ओळ तिथेही सरळ वाचता येईल.