पर्यायचिन्हांची सुसंगती : व्याकरण आहे, कोश नाही

युनिक्सच्या आज्ञांची संक्षिप्तता हा त्यांचा गुण म्हणून गौरविण्याची प्रथा आहे. ही संक्षिप्तता ज्या एकाक्षरी पर्यायचिन्हांवर उभी आहे, त्यांची चिकित्सा मात्र क्वचितच होते.

‘-आय’ हेच चिन्ह पाहावे. ‘आरएम’सोबत ते दिले असता प्रत्येक फाइल पुसण्यापूर्वी संगणक अनुमती मागतो. ‘ग्रेप’मध्ये ते लहान व मोठ्या रोमन अक्षरांतील भेद दुर्लक्षिण्यास सांगते. ‘ग्नू सेड’मध्ये मात्र ते मूळ फाइलवरच बदल लिहिते आणि सोबत प्रत्यय न दिल्यास जुनी प्रतही उरत नाही. एके ठिकाणी जे सावधगिरीचे चिन्ह, तेच अन्यत्र परतीची वाट बंद करणारे! उलटपक्षी, ओळीतील रकाने कोणत्या खुणेने तोडावयाचे ही एकच कल्पना ‘कट’ ‘-डी’ने, ‘सॉर्ट’ ‘-टी’ने व ‘ऑक’ मोठ्या ‘-एफ’ने व्यक्त करते.

या आज्ञा निरनिराळ्या हातांनी लिहिल्या गेल्या, हे उत्तर खरे असले तरी अपुरे आहे. ‘एसएसएच’ व ‘एससीपी’ एकाच संचातील आज्ञा. तरी पहिलीत पोर्टसाठी लहान ‘-पी’, तर दुसरीत मोठे. ‘एससीपी’ ही ‘आरसीपी’च्या धर्तीवर घडली, आणि तेथे लहान ‘-पी’ फाइलच्या वेळा व परवानग्या जतन करण्यासाठी आधीच गुंतलेले होते. म्हणजे ही विसंगती निष्काळजीपणातून नव्हे, सुसंगतीच्याच आग्रहातून जन्मली. भावंडाशी जुळवून घ्यावे की पूर्वजाशी, असा तो पेच होता. प्रस्तुत लेखकास पूर्वजाच्या बाजूचा निर्णय योग्य वाटतो. ‘आरसीपी’च्या जागी ‘एससीपी’ लिहून जुने काम चालू ठेवता येणे अधिक मोलाचे होते.

१९९२ च्या ‘पॉसिक्स’ मानकाने एकाक्षरी नावे, चिन्हांची जोडणी, पर्यायांची समाप्ती दर्शविणाऱ्या दोन आडव्या रेघा असे नियम घातले. हे सारे व्याकरण होय. कोणत्या अक्षराचा अर्थ काय, याविषयी ते नियम मौन पाळतात. कोशाचे काम ग्नू प्रकल्पाने अंगावर घेतले : दोन रेघांनी सुरू होणारी दीर्घ नावे, प्रत्येक आज्ञेत ‘--हेल्प’ व ‘--व्हर्जन’ची अपेक्षा, आणि रूढ नावांची यादी. यामुळे ‘सेड’चे ‘--इन-प्लेस’ व ‘आरएम’चे ‘--इंटरॅक्टिव्ह’ यांत गल्लत होण्याचे कारण उरत नाही. आपली क्रमिक पुस्तके तरीही एकाक्षरांचे तक्तेच पाठ करवून घेतात, हे खेदजनक आहे.

अर्थात हा कोशही अपुराच आहे. रकाने तोडणाऱ्या त्याच खुणेस ग्नू ‘कट’ ‘--डिलिमिटर’ म्हणते, तर ग्नू ‘सॉर्ट’ ‘--फील्ड-सेपरेटर’.