उपहासाची जागा : ‘राग दरबारी’ आणि ‘कोसला’ यांतील निवेदक

श्रीलाल शुक्ल (१९२५-२०११) यांची ‘राग दरबारी’ (१९६८) ही हिंदी आणि भालचंद्र नेमाडे यांची ‘कोसला’ (१९६३) ही मराठी कादंबरी पाच वर्षांच्या अंतराने प्रसिद्ध झाल्या. स्वातंत्र्योत्तर काळातील शिक्षणसंस्था, सहकार आणि ग्रामव्यवस्था यांच्याविषयीचा भ्रमनिरास दोन्हींत विनोदाच्या अंगाने व्यक्त होतो, हे साम्य सर्वपरिचित आहे. मात्र हा विनोद कोण करतो, आणि करणारा स्वतः त्याच्या कक्षेत येतो की नाही, हा प्रश्न तुलनेने दुर्लक्षित राहिला आहे. त्याचा थोडक्यात विचार येथे करावयाचा आहे.

शुक्लांचा जन्म लखनौ जिल्ह्यातील अतरौली गावचा. प्रशासकीय सेवेतून निवृत्त झाल्यावर ते लखनौतच राहिले आणि तेथेच निवर्तले. लखनौला गद्यविनोदाची जुनी परंपरा आहे. रतननाथ सरशार यांचा ‘फसाना-ए-आज़ाद’ १८७८पासून तेथील ‘अवध अखबारा’तून क्रमशः येत होता, तर ‘अवध पंच’ १८७७मध्ये सुरू झाले होते. सरशारांचा खोजी फुशारकी मारतो आणि फजीत होतो. पण त्या हसण्यात नबाबी संस्कृतीविषयीचा जिव्हाळाही मिसळलेला असतो. शुक्लांच्या शिवपालगंजात या जिव्हाळ्याला फारशी जागा उरलेली नाही.

‘राग दरबारी’चा निवेदक अनाम आणि तृतीयपुरुषी आहे. प्रकृती सुधारण्यासाठी मामाच्या, म्हणजे वैद्यजींच्या गावी आलेला संशोधक विद्यार्थी रंगनाथ हा केवळ पाहणारा आहे. बोलणारा वेगळाच आहे. हा बोलणारा तटस्थ नाही. पुराणे, शासकीय परिपत्रके, आखाडा आणि वृत्तपत्रे यांची भाषा तो एकाच दमात वापरतो आणि क्षुल्लक प्रसंगाला महाकाव्याचा थाट देतो. त्याचे नाव नसले तरी त्याला स्वभाव आहे. म्हणून त्यालाही एक विक्षिप्त पात्र मानणे योग्य ठरते. लंगडचे उपकथानक याची साक्ष देते. लाचेच्या दरावरून बिनसल्यावर लंगड लाच न देता नक्कल मिळवण्याचा पण करतो. कारकूनही सर्व काही नियमानेच करण्याचा पण करतो. दोन सचोटींच्या या धर्मयुद्धात नक्कल हाती येतच नाही. भ्रष्टाचाराइतकाच नियमही माणसाला चिरडू शकतो, हे येथे हसता हसता उघड होते. हाच या कादंबरीचा काळा विनोद.

‘कोसला’त पांडुरंग सांगवीकर स्वतःच बोलतो. सांगवीहून पुण्यात शिकायला आलेला हा तरुण वसतिगृहाची मेस आणि संमेलनाची चिटणिशी यांत पैसा व उमेद दोन्ही घालवून अखेर गावी परततो. ‘उदाहरणार्थ’, ‘वगैरे’ हे शब्द तो नको तेथे योजतो. ज्याचे उदाहरण द्यायचे ते सर्वसामान्य विधानच त्याच्याजवळ नाही; ‘वगैरे’त ज्यांचा अंतर्भाव करायचा त्या गोष्टींवर विश्वास नाही. अशा रीतीने भाषिक लकब हीच येथे जीवनदृष्टी बनते. उपहासाचा पहिला बळी तो स्वतः आहे.

दोन्ही निवेदकांतील खरा भेद उपहासाच्या सीमेवर दिसतो. मनीच्या मृत्यूच्या प्रकरणात पांडुरंगाची थट्टा थांबते. वाक्ये आखूड होतात, आणि इतका वेळ कवचासारखी वापरलेली भाषा दुःखापुढे निकामी ठरते. त्यानंतर ती थट्टा पुन्हा सुरू झाली, तरी ती कशावर पांघरूण घालते हे वाचकाला कळलेले असते. ‘राग दरबारी’त असा क्षण येत नाही. बेला हे जवळजवळ एकमेव लक्षणीय स्त्रीपात्र. तेही प्रामुख्याने इतरांच्या कुजबुजीतूनच आपल्यापर्यंत पोहोचते. लंगडचे हालही निवेदकाचा स्वर बदलत नाहीत.

यावरून ‘राग दरबारी’ निष्ठुर आहे, असा आक्षेप घेता येतो आणि हिंदी समीक्षेत तो घेतलाही गेला आहे. तो पूर्णतः नाकारता येत नाही. तथापि, शेवटच्या ‘पलायन संगीता’त शुक्ल सुशिक्षितांच्या पळवाटांची जी यादी मांडतात, तिच्यातून रंगनाथ सुटत नाही, आणि त्याच्यासारखेच अंतर राखून हसणारा वाचकही सुटत नाही. निवेदकाला न झालेली जखम येथे वाचकाकडे सोपवलेली आहे.

‘कोसला’ हसणाऱ्यालाच उघडे पाडते. ‘राग दरबारी’ हसणाऱ्याला अखेरपर्यंत सुरक्षित ठेवून मग त्या सुरक्षिततेचाच जाब विचारते. दोन्ही कादंबऱ्यांना ‘व्यंग्य’ वा ‘उपरोध’ हे एकच लेबल लावले, की हा भेद नाहीसा होतो. तौलनिक अभ्यासाने आशयसाम्याच्या नोंदीवर न थांबता निवेदकाच्या या नैतिक स्थानाची चिकित्सा करणे म्हणूनच आवश्यक आहे.